गाडीला अर्थ नाही

माझ्या चिरंजीवांच्या साखरपुड्याच्या दिवशी आमची मोटार चालू झाली नाही, आणि या प्रकरणी मोटारीचा कसलाही दोष नव्हता, हे मी प्रारंभीच लिहून देतो.

मी तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून गेली सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववी (दोन वेळा). परंतु माझा अर्ज हाती पडताच साहेबलोक खुर्चीत सरळ बसतात, असा अनुभव आहे. मोटार मी राजूरच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतली. वय एकोणीस वर्षे, मोटारीचे. करारनामा अर्थातच मी लिहिला आणि त्यात 'वाहन जसे आहे तसे व जेथे आहे तेथे' हे भारदस्त कलम घातले.

मुलीकडचे लोक कोल्हारचे. होणारे व्याही फोनवर म्हणाले, "दादा, जीप पाठवून देतो. बेलापुरातून कशापायी तरास घेता?"

"आपल्या जीपची आवश्यकता नाही," मी उत्तरलो. "आम्ही स्वतःच्या चारचाकीने उपस्थित राहू!"

मुहूर्त साडेअकराचा होता. तो टळला तर सुपारी फुटणार नाही, असे मुलीच्या आजींनी निक्षून बजावले होते. म्हणून आदल्या सायंकाळी मी बॉनेट उघडून जातीने पाहणी केली. बॅटरीपाशी काहीतरी ढिले लागत होते, त्याचा चोख बंदोबस्त केला आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी साडेनऊला नवरदेव प्रवीण बदामी रंगाचा सूट घालून मागे बसला. आमच्या सौभाग्यवती शालनबाई पेढ्यांचे खोके मांडीवर घेऊन पुढे बसल्या. मी चावी फिरविली.

काही झाले नाही. घरघर नाही, टकटक नाही, दिवा नाही. हॉर्न दाबला, तर तोही गप्प! मोटार जशी होती तशी व जेथे होती तेथे राहिली. कराराचे इतके काटेकोर पालन माझ्या एकाही पक्षकाराने आजवर केलेले नाही.

"आवो, रिक्षा सांगा की," शालनबाई म्हणाल्या.

"नवरदेवाचा बाप रिक्षातून उतरणार?"

"न्हाई उतरला, तर नवरदेवच ऱ्हाईल बिनलग्नाचा!"

मी शांत चित्ताने वही काढली आणि पंचनामा सुरू केला. एक, पेट्रोल आहे. दोन, चाके चार आहेत. तीन, लिंबू-मिरची ताजी आहे. चार... चौथे काही सुचेना. तेवढ्यात प्रवीणने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे हनुमंता मिस्त्री होता. गावातल्या समस्त मोटारींचे वायरिंग याच्या हातचे.

"दादा, हारन वाजतुय का?"

"नाही."

"लाइट?"

"नाही."

"मंग गाडीला अर्थ न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालास?"

"अर्थच न्हाई तिला. कसली चालू व्हती!"

ज्या माणसाने उभा जन्म शब्दांचा अर्थ लावण्यात घालविला, त्याच्या दारातील मोटारीस एक वायरवाला अर्थहीन ठरवितो! आणि तेही मंगल दिवशी! "हनुमंता," मी कडाडलो, "अर्थ कशाला आहे व कशाला नाही, हे मला शिकवू नकोस!" आणि फोन बंद केला.

"काय म्हनला त्यो?" शालनबाईंनी विचारले.

"उद्धट आहे. गाडी ढकलण्यात यावी."

ढकलण्यास मनुष्यबळ एकच उपलब्ध होते. प्रवीणने कोट काढला, मी स्टिअरिंग सांभाळले (कोणीतरी सांभाळलेच पाहिजे!) आणि आम्ही वेशीकडे निघालो. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या भागूआत्या ओरडल्या, "आगं बया! नवरदेव ढकलतुय अन् बाप वरातीत बसलाय!"

वेस आली. घामाने नवरदेवाचा शर्ट पाठीला चिकटला. मोटार मुकीच! घड्याळात साडेदहा झाले. आता मात्र माझ्या डोळ्यांपुढे मुलीची आजी उभी राहिली. "अण्णा," प्रवीण धापा टाकत म्हणाला, "माझं लगीन तुमच्या हातनं मोडायच्या आधी काहीतरी करा."

इतक्यात फटफटीवरून खुद्द हनुमंता अवतरला. (शालनबाईंनी माझ्या माघारी फोन करून माझ्या वतीने माफी मागितली होती. तसे अधिकारपत्र मी दिलेले नव्हते.)

त्याने बॉनेट उघडले, आत डोकावला आणि हसू लागला.

"दादा, ही काळी वायर बगा. बॅटरीपासनं गाडीच्या बाडीला जाती. तिला आमी अर्थ म्हनतो. ह्यो अर्थ तुटला, की समदं बंद."

"असे होय," मी म्हणालो. माझा आवाज किंचित खाली आला होता.

"पन ह्यो बॅटरीच्या टोकाला कागद कुनी गुंडाळला?"

मी आकाशाकडे पाहिले. त्याच काळ्या वायरीची टोकावरची पकड ढिली होती. ती घट्ट बसावी म्हणून माझ्याच एका अर्जाची जाड प्रत चांगली तीन पदरी घडी घालून मी आत ठासली होती. हनुमंताने ती ओढून काढली, उलगडली आणि भर वेशीत मोठ्याने वाचली:

"विषय : अडविलेला रस्ता खुला करून मिळणेबाबत!"

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला. प्रवीण बॉनेटवर ओणवा होऊन हसू लागला. हनुमंताने टोक घासले, पान्याने पकड आवळली आणि म्हणाला, "आता मारा चावी."

पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडले!

"बगा दादा," तो म्हणाला, "तुमचा कागद काढला, अन् अर्थ लागला!"

मुहूर्तास सात मिनिटे शिल्लक असताना आम्ही कोल्हारला पोचलो. सुपारी फुटली. विलंबाचे कारण मी 'तांत्रिक' असे दिले. शालनबाईंनी ते आजींना सविस्तर दिले. मुहूर्ताबाबत कडक असलेल्या त्या माउली डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आता मी त्या घरी काही गंभीर बोलू लागलो, की व्याही हळूच विचारतात, "दादा, कागद काढला ना?"

हा वृत्तांत पूर्ण होताच मी शालनबाईंना वाचावयास दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या हाती परत दिला.

"झ्याक लिवलंय," त्या म्हणाल्या. "पन गाडीपासनं लांब ठिवा."