वाताला ताक नाय

आमच्याकडे हातपाय थरथरले की तो वात, आणि वात झाला की आंबट बंद. वडिलांना कंपवात निघाला आणि दुसऱ्याच दिवसापासून आईने त्यांचं ताक तोडलं. आयुष्यभर या माणसाचं जेवण ताक-भातावर संपलं होतं. कापणीच्या दिवसांत शेतावरसुद्धा त्यांच्यासाठी ताकाची वेगळी किटली जायची.

मी मुरबाडला दिलेली. शहापूरकडे माहेरी जमेल तशी यायची, आणि दर खेपेला ते आणखी आखडलेले दिसायचे. गोळ्यांनी कंप जरा कमी व्हायचा, पण पोट काही केल्या साफ होत नसे. शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक कॅप्सूल वाढवून दिली. म्हणाले, "यात पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जंतू आहेत. यांनी आजार बरा होणार नाही. पण पोट चाललं तर कंपाची गोळी नीट लागू पडेल, माणसाला जरा बरं वाटेल. गरम कशात मिसळू नका. आणि ताक आवडत असेल तर खुशाल द्या."

ताकाचं नाव ऐकून वडील हसले. आजाराने त्यांचा चेहरा लाकडासारखा करून टाकला होता, तरी ते हसू मला कळलं.

घरी माझा मोठा भाऊ वाट बघत होता. दादा वाशिंदला कंपनीत सुपरवायझर, घरात शब्द त्याचाच. "डॉक्टरचा काय जातंय सांगायला? वाताला ताक देऊन आपल्या बाला लोळवायचाय का?" आई म्हणाली, "गोळी दीन मी. ताक नाय देयाचा गो." कॅप्सूल दुकानातली, म्हणून तिला मान. घरच्या ताकाला कोण विचारतो!

पुढच्या खेपेला बघते तर आई कॅप्सूल फोडून आतली पूड उकळत्या पेजेत ढवळत होती. वडिलांना अख्खी कॅप्सूल गिळवत नव्हती, आणि आमच्या घरात आजारी माणसाला सगळं गरम पेजेतूनच जातं.

"अगं आई, मेले ना ते जंतू!" मी ओरडले.

"जंतू मेले तं चांगलाच झाला," आई म्हणाली.

वडिलांनी पेजेवरून तोंड फिरवलं. बोलणं जवळजवळ गेलं होतं, तरी एक शब्द मला कळला. "ताक." मी उठले, तेवढ्यात दादाने ताकाचं मडकं उचलून वर फळीवर ठेवलं. "तू जाशील मुरबाडला निघून. निस्तरायचा आमी."

थंडी संपायच्या आत ते गेले. ताक दिलं असतं तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. त्यांना ते हवं होतं, एवढंच. मला त्याचाच राग येतो, अजून येतो.

यंदा पित्रांना दादाने कौलांवर पान ठेवलं. वडे, खीर, भाजी, आणि शेजारी वाटीभर दाट, आंबट ताक. "बाला लय आवडायचा," तो डोळे पुसत म्हणाला.

आई खालून म्हणाली, "आजून वत रे. भरपूर वत."