पॉइंट दोन काळा

"हो की नाही विचारू नका. किती, ते विचारा." आमच्या सरांना चहा हवा का विचारलं तरी हेच ऐकावं लागे. मग स्वतःच म्हणत, "पाऊण कप." शनिवार पेठेत अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी भंडाऱ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. हडपसरच्या गॅरेजात गाड्यांचे रंग जुळवायचो. सरांच्या स्कूटरचा पत्रा रंगवला तेव्हा त्यांनी विचारलं, "जुळला का?" मी घाबरत खरं सांगितलं, "शंभरात नव्वद. उन्हात फरक दिसते जी." त्यांनी तिथंच मला नोकरी दिली.

कॉम्प्युटरच्या कंपन्या तेव्हा गल्लोगल्ली निघत होत्या. सरांची दोन खोल्यांत होती. मधुमेह झालेल्यांच्या पायांवरच्या जखमांचे रंगीत फोटो ते कॉम्प्युटरला वाचायला शिकवत. लाल म्हणजे जखम भरतेय, काळं म्हणजे मांस मेलंय. पण जखमेत रंग एकमेकांत मिसळलेले. म्हणून प्रत्येक डागाला मी शून्य ते एकमध्ये आकडा द्यायचा, किती लाल, किती काळा. त्यावरून प्रोग्रॅम डागाच्या कडा ठरवी आणि फिके बारके ठिपके धूळ समजून पुसून टाकी.

"बाकी सगळे छातीठोक सांगतात हो," सर म्हणत. "तुम्हाला शंका येते, त्याचा पगार आहे." माझ्या भित्रेपणाला आयुष्यात पहिल्यांदा किंमत आली.

मग सरांच्याच पायाला चप्पल लागली. त्यांनाही साखर होती. दर सोमवारी मी फोटो काढायचो. तिसऱ्या सोमवारी अंगठ्याच्या कडेला एक ठिपका दिसला.

"किती काळा?"

मला पॉइंट आठ दिसत होता. ज्या माणसानं मला खुर्ची दिली, त्याच्या तोंडावर ते सांगवेना.

"पॉइंट दोन, सर."

प्रोग्रॅमनं ठिपका पुसला. "बघा, धूळच," म्हणत सर हसले. डॉक्टरांकडे जायचं त्यांनी पुढं ढकललं.

महिन्याभरात पाय कापावा लागला. तरी विष अंगात पसरलंच. खाटेशी उभा राहून मी बोलून टाकलं, "सर, मला तेव्हा आठ दिसला होता जी."

"मलाही," ते म्हणाले. "डोळे मलाही आहेत. पण तुमच्या तोंडून दोन ऐकायचं होतं." मग म्हणाले, "सकाळी तो आकडा दुरुस्त करा. पुढचा पाय दुसऱ्या कुणाचा असेल."

सकाळी मी आठ लिहिला. ठिपका पुसला गेला नाही. तसाच राहिला, गर्द.

ते सांगायला धावत दवाखान्यात गेलो. सरांच्या खाटेवर दुसरंच कुणीतरी बसून भात खात होतं.