कोपरीतली आग आणि धाकट्याची कबुली

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच घटना आता धूसर झाल्या आहेत; ठाण्याच्या कोपरीतल्या आगीची ती दुपार मात्र अजून डोळ्यांसमोर तरंगते. खाडीवर पांढुरका उजेड पसरला होता, वारा पडला होता आणि एका कोळी कुटुंबाच्या घरातून धुराची रेघ सरळ वर जात होती. आम्ही पोचलो तोवर आग विझली होती. हात भाजलेल्या म्हाताऱ्या आईला रुग्णालयात हलवले होते.

घर दोन भावांचे. वाटणीवरून त्यांचे बोलणे बंद होते. थोरल्याने फिर्याद दिली ती थेट धाकट्याविरुद्ध. त्यातच खबऱ्याचा फोन आला, की आगीच्या थोडे आधी धाकटा डिझेलचा कॅन घेऊन बाहेर पडताना दिसला होता. आम्ही त्याला ताब्यात घेतले.

कॅन होडीच्या इंजिनासाठी होता, एवढेच तो सांगे. मग एकदम म्हणाला, "मीच जाळलं साहेब. लिहून घ्या."

पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांना हायसे वाटले. मला वाटले नाही. आग कुठे लावली, कशाने लावली, असे विचारले की तो खिडकीबाहेर बघत बसे. गुन्हेगार तपशील लपवतो किंवा फुगवतो. याच्याकडे तपशीलच नव्हते.

मी आईचा जबाब घ्यायला गेलो. औषधांच्या गुंगीत ती हळूहळू बोलत होती. "गोड वास आला, साहेब. पिकल्या फनसासारखा. मना वाटला, मी सपनान हाय. मंग कोपऱ्यान फुसफुसला."

मलाही ते स्वप्नच वाटले. तरी शब्द न बदलता जबाब लिहून घेतला. पंचनाम्यात त्याच कोपऱ्यातून विजेवर चालणाऱ्या सायकलची जळकी बॅटरी जप्त केली होती. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या बाईंनी जबाब वाचला आणि सांगितले, की लिथियम बॅटरी फुटताना आतला द्रव बाहेर पडतो, त्याला असा गोडसर वास येतो. डिझेलचा मागमूस नव्हता.

बॅटरीचे नाव काढताच धाकटा रडू लागला. सायकल थोरल्याची. तो तिच्यावरून वर्तकनगरच्या सोसायट्यांत मासळी पोचवायचा. बॅटरी लवकर उतरायला लागली, तेव्हा आईच्या सांगण्यावरून धाकट्याने ती मानपाड्याच्या एका दुकानातून दुरुस्त करून आणली होती, भावाला न कळवता. त्या दुपारी ती चार्जिंगला लावून होडीकडे गेला तोही हाच. आईचा हात आपल्यामुळेच भाजला, असे त्याने मनाशी धरले होते.

दुकानदार आधी ठाम होता, की सगळे सेल नवे घातले. जळालेले सेल मी टेबलावर मांडले. एकाच बॅटरीत जुन्या लॅपटॉपचे निरनिराळ्या जातींचे सेल होते. तेव्हा तो कबूल झाला. जादा चार्ज झाल्यावर वीज तोडणारे सर्किटही त्याने काढले होते, कारण ते बॅटरी चालूच होऊ देत नव्हते. वर चार्जर दिला तो जास्त व्होल्टचा. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

धाकट्याला सोडले तरी तो बाकावरून उठेना. थोरला आला, त्याच्याजवळ बसला. एवढेच म्हणाला, "चल. आय वाट बघतेय." दोघे फाटकाबाहेर गेले. त्यांची वाटणी पुढे झाली का, मी कधी विचारले नाही.

कबुली मिळाली की तपास संपला, असे समजायची सवय आम्हा पोलिसांना असते. या प्रकरणाने मला शिकवले, की माणूस कधी कधी नुसत्या दुःखाने कबुली देतो. ते दुःख कशाचे, हे शोधणे हाही तपासच.

निवृत्तीनंतर मीही तशी सायकल घेतली. बॅटरी कंपनीच्या चार्जरनेच, दारापासून दूर, गॅलरीतल्या मोकळ्या फरशीवर चार्ज करतो. फुगलेली किंवा नेहमीपेक्षा जास्त तापलेली वाटली, तर लावत नाही. चार्जिंग संपेपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसतो. सौ. हसते. मी तिला म्हणतो, बस जरा. मग तीही बसते.