रांगोळीवर घातलेले टाके

टाके बघून कोणीही म्हणालं असतं, वा, काय हात आहे! पाच टाके, सारख्या अंतरावर, गाठी एका बाजूला ओढून घेतलेल्या. मला मात्र ते घालणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. कारण टाके पडलेला हात माझ्या ताईचा होता, उजवा, आणि अंगठ्याचं बूड सुजून लालभडक झालं होतं.

ताई जूचंद्रला राहते, रांगोळी काढते. माणसांचे चेहरे काढते, अगदी डोळ्यांतल्या पाण्यासकट. तीन दिवसांपूर्वी रांगोळीच्या पोत्याची शिवण कापताना तिच्या हातातलं ब्लेड सटकून त्याच अंगठ्याच्या बुडात घुसलं. आमच्या घरात कुठेही कापलं की चिमूटभर पांढरी रांगोळी दाबायची सवय. हिने मूठभर दाबली. मग जवळच्या एका डॉक्टरकडे गेली, आणि त्या गृहस्थाने आत न बघता वरून शिवून टाकलं.

मी सर्जन आहे. शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी बजावतो, आधी पाणी, मग सुई. जखमेच्या कडा उघडून तळ बघा, पुन्हा धुवा, घाण निघत नसेल तर शिवूच नका.

एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या दवाखान्यात मी तिचा हात बधिर केला आणि ते देखणे टाके कापले. पू आला, त्यात रांगोळीच्या दगडाची पांढरी भुकटी. मी त्या डॉक्टरला फोन लावून नाही नाही ते बोललो. मग सलाइनने जखम धुता धुता ताईवर घसरलो. "अक्कल गहाण टाकली होतीस का?"

ती हाताकडेच बघत होती. "चिमूट धरता येईल ना रे?"

जखम काही दिवस उघडी ठेवली, रोज धुतली. स्वच्छ झाल्यावर मीच शिवली, लांब लांब, सैल टाके घालून. ते काढले त्या दिवशी ताईने टेबलावर चिमटीने रेघ ओढून बघितली. अंगठ्याचं टोक बधिर राहिलं होतं. रेघ मध्येच फाटली. चेहऱ्यातले डोळे आता तिला जमणार नव्हते.

माझं डोकं पुन्हा फिरलं. "मी इथे पंधरा मिनिटांवर बसलेला! त्याच्याकडे मरायला गेलीसच कशाला?"

"रांगोली भरली म्हटल्यावर तू वरडला असतास म्हनून," ताई म्हणाली.

तेव्हाही मी ओरडतच होतो.