आकाराम आबांचं मनगट

आष्ट्यात कुणाच्या पाठीत उसण भरली, मान आखडली किंवा पाय मुरगळला, तर तो माणूस आधी आकाराम आबांच्या ओसरीवर जातो. डॉक्टर नंतर असतोच. आबा आधी दोन शिव्या घालतात, मग पालथं झोपवतात आणि अंगठा असा नेमका ठेवतात, की दुखणं लहानपणापासून यांच्याच ओळखीचं असावं. पैसे घेत नाहीत. फारच आग्रह केला, तर तालमीतल्या मारुतीला शनिवारी तेल घाल म्हणतात. त्या मारुतीला आजवर इतकं तेल मिळालंय, की त्याला जन्मात उसण भरायची नाही.

आबांचं वय आता सहासष्ट. विशी-पंचविशीत ते स्वतः लढायचे, पण कुस्तीपेक्षा त्यांच्या हातांचंच नाव जास्त झालं. तालमीची रीत होती, की जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाला निघायच्या आदल्या संध्याकाळी लढणाऱ्या प्रत्येक गड्याचं अंग आकारामनंच रगडायचं. वस्तादांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं होतं. ज्याच्या पाठीला आकारामचा हात लागला, तो तालमीचा गडी, असा त्याचा सरळ अर्थ होता. या रीतीचा आबांना फार अभिमान, आणि त्यांची जी एक चूक सांगायची आहे, तीही या रीतीतच झाली.

ती सांगण्याआधी मेलबर्नला जाऊन यावं लागेल.

गेल्या वर्षी एप्रिलात मुलगा जयराज आईवडिलांना पाच महिन्यांसाठी तिकडं घेऊन गेला. बनुबाईंनी आठवडाभरात मेथी कुठं मिळते ते शोधून काढलं आणि त्या रमल्या. आबांची मात्र पंचाईत झाली. माणसं चांगली, रस्ते स्वच्छ, पण कुणाचं काही दुखतच नव्हतं, आणि दुखत असलं तरी ती शेजाऱ्याला सांगत नव्हती. हात रिकामे राहिले की आबा चिडतात. घरात रोज कशावरून तरी कुरबुर व्हायला लागली, तेव्हा बारा वर्षांची नात राजनंदिनी त्यांना शनिवारी आपल्या क्लबच्या मैदानावर घेऊन गेली.

तिथं त्या खेळाला फुटबॉल म्हणतात, पण तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, पपईसारखा. मैदान लंबगोल आणि एकेका बाजूला अठरा माणसं. चेंडू लाथेनं उडवायचा, नाहीतर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून आभाळात चेंडू झेलणारे गडी बघून आबा खूश झाले. तेवढ्यात एकाच्या पोटरीत गोळा आला आणि तो कठड्यापाशीच आडवा झाला. कुणी अडवायच्या आत आबा कठडा ओलांडून आत गेले आणि त्यांनी त्याचा पाय धरला. दोन मिनिटांत तो गडी उठून पळायला लागला. पुढच्या शनिवारी आबांना सन्मानानं मालीशच्या खोलीत बोलावणं आलं.

प्रत्येक क्लबात अशी खोली असते, सामन्याआधी खेळाडूंचं अंग रगडणारी माणसं असतात, हे कळल्यावर आबांना आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. या खोलीचा कारभार रॉन नावाच्या पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याकडं होता. तो तिथल्या मूळच्या लोकांपैकी. गोरे येण्याआधी हजारो वर्षं ज्यांची ती जमीन होती, त्यांच्यातला. सगळा क्लब त्याला अंकल म्हणायचा, नातं असो वा नसो. आबांना याचं काही नवल वाटलं नाही, कारण आष्ट्यात ते स्वतःही निम्म्या गावाचे आबाच आहेत.

खोलीच्या भिंतीवर रॉननं त्याच्या लोकांतून आलेल्या थोर खेळाडूंचे फोटो लावले होते. राजनंदिनी मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायची आणि हे दोघं म्हातारे, आपल्याकडं जुन्या पैलवानांवरून वाद घालतात तसा, यांतला सगळ्यांत मोठा कोण यावर वाद घालायचे. रॉनचं मत फार्मर नावाच्या गड्याच्या बाजूनं. लहानपणच्या पोलिओनं त्याचा एक पाय आखूड राहिलेला, पण मुठीनं चेंडू ठोसायच्या कलेत त्यानं सगळा खेळच बदलून टाकला. गाडीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार पाठवायचा तो सराव करायचा म्हणे. आबांचं मत विनमरच्या बाजूनं. त्र्याण्णव साली प्रेक्षक रंगावरून घाण शिव्या देत होते, तेव्हा सामना जिंकल्यावर हा त्यांच्याकडं तोंड करून उभा राहिला आणि जर्सी वर करून त्यानं आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. तो फोटो आबा जाता-येता बघायचे. त्यांना त्यात आखाड्याच्या मातीला वाकून मग छाती काढून उभा राहणारा पैलवान दिसायचा.

एका शनिवारी आबा एका खेळाडूची पाठ रगडत होते, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या फोटोकडं मान करून विचारलं, हा बुटका कोण. रॉन म्हणाला, डग निकल्स. उंची पाच फूट दोन इंच, पळायला वारा. शंभर वर्षांपूर्वी एका मोठ्या क्लबात गेला, तर तिथल्या मालीशवाल्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. काळा आहे म्हणून. काही आठवड्यांत तो तिथून निघून गेला. पुढं दुसऱ्या क्लबात तो मोठा झाला, पाद्री झाला, आपल्या लोकांसाठी आयुष्यभर झगडला आणि म्हातारपणी एका राज्याचा गव्हर्नर झाला. आता दरवर्षी सामन्यांची एक फेरी त्याच्या नावानं होते.

राजनंदिनीनं हे सगळं आपल्या तोडक्या मराठीत सांगितलं. तिला वाटलं, आजोबांना गव्हर्नर झाल्याचं कौतुक वाटेल. आबांचे हात मात्र पाठीवर जिथल्या तिथं थांबले होते. खालच्या खेळाडूनं मान वळवून विचारलं, झालं का. रॉननं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि उरलेली पाठ स्वतः रगडायला घेतली.

आता ती चूक.

चौऱ्याऐंशी साली तालमीत नाथाजी नावाचा एक गडी आला होता. गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचा, विशीचा, अंगानं चिवट. वस्तादांनी त्याचा ढाक डाव बघितला आणि दुसऱ्या दिवशीपासून ये म्हणाले. वस्ताद त्या बाबतीत सरळ माणूस. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, पण वस्तादांपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. चैत्रातल्या फडासाठी नाथाजीची कुस्ती ठरली आणि आदल्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर तोही लंगोट लावून रगडून घ्यायला रांगेत बसला. त्याची पाळी आली. सगळी तालीम आकारामकडं बघत होती. आकाराम पंचवीस वर्षांचा होता, आणि लोक काय म्हणतील याची भीती त्या वयात फार मोठी असते. त्यानं उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि म्हणाला, हात लय दुखतोय, आज जमायचं न्हाई.

नाथाजी बरं म्हणाला. त्यानं स्वतःच हातापायांना तेल लावलं, छाती रगडली. पण आपली पाठ आपल्याला रगडता येत नाही. मग तो उठला, त्यानं मल्लखांबाला तेल चोपडलं आणि बैल झाडाला अंग घासतो तशी आपली पाठ खांबाला घासली. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी त्याची कुस्ती बरोबरीत सुटली. आकारामनं खोटं खरं दिसावं म्हणून आठ दिवस मनगटाला फडकं बांधून ठेवलं. त्याच आठ दिवसांत नाथाजी कसलासा पाला वाटून घेऊन आला, मनगटाला लावा म्हणाला. आकारामनं तो घेतला आणि तालमीच्या मागं गटारात टाकून दिला. पावसाळ्यानंतर नाथाजी तालमीत यायचा बंद झाला. का, ते आकारामनं कधी विचारलं नाही.

पुढं काळ बदलला, आबाही बदलले. वस्तीवरची आणखी पोरं तालमीत आली आणि आबांनी त्यांना मनापासून रगडलं. त्यांतला कृष्णात, नाथाजीचा पुतण्या, तर फौजेत भरती झाला. आबांनी मनातल्या मनात तो हिशेब तिथं मिटवून टाकला होता. मेलबर्नच्या त्या खोलीत त्यांना कळलं, की मिटलेलं काहीच नाही.

सप्टेंबरात ते परत आले, पण नाथाजीकडं जायला पाय निघेना. आज ऊस, उद्या लग्न, परवा सर्दी. नाथाजी तासगावच्या पुढं एका बेदाण्याच्या शेडवर राखणीला असतो, हे वस्तीवर एका दमात कळलं होतं, तरी पाच महिने असेच गेले. त्या पाच महिन्यांत ओसरीवर आलेल्यांना शिव्याही कमी मिळाल्या. शेवटी बनुबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. मी जाऊन त्याची पाठ रगडून येणार, मग माझा जीव शांत होईल, असं म्हणाले. बनुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"दुखणं कुणाचं काढायला चाललाय," त्या म्हणाल्या, "त्याचं का तुमचं?"

तरी सकाळी आबांनी पिशवीत तेलाची बाटली टाकली आणि सांगलीवरून तासगावची एसटी धरली.

फेब्रुवारीचं ऊन होतं. शेडमध्ये हिरव्या जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती आणि सगळीकडं गोड, आंबूस वास होता. नाथाजी दाराशी बाजेवर बसला होता. केस पांढरे, अंग तसंच चिवट, उजव्या गुडघ्याला फडकं. त्यानं आबांना लांबूनच ओळखलं. उठून उभा राहिला, बाज झटकली, पाणी दिलं. आणि बसता बसता त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

"आकाराम पैलवान, हात कसा हाय आता?"

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एसटीत त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं उडून गेलं. त्यांना वाटलं, या माणसानं आपलं खोटं चाळीस वर्षं खरं मानलं. म्हणजे तो दुखावलाच नाही. मग आता खरं सांगून त्याला कशाला दुखवायचं? बरा हाय म्हणावं, पाठ रगडावी, बेदाणे खावेत, संध्याकाळच्या गाडीनं घरी जावं. वाट अगदी सोपी होती, आणि आबांनी ती घ्यायचं जवळजवळ ठरवलंही. मग त्यांना गटारात टाकलेल्या त्या पाल्याची आठवण झाली.

"हाताला काय झालं न्हवतं, नाथाजी," ते म्हणाले. "तवा बी न्हाई. मी खोटं बोललो."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तालीम आपल्याकडं बघत होती, आपण भ्यालो, फडकं बांधलं, पाला फेकून दिला. मेलबर्नचा तो बुटका खेळाडूही सांगितला, ज्याला कुणी हात लावला नाही.

नाथाजी जाळ्यांकडं बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, त्या गड्याचं पुढं काय झालं. गव्हर्नर झाला म्हटल्यावर त्यानं समाधानानं मान हलवली. मग सावकाश म्हणाला, "मला ठावं व्हतं. त्याच सांजंला तुमी त्याच हातानं गदा फिरवत व्हता. तरी पाला आनला, म्हटलं तवा तरी खरं सांगाल. त्यो टाकल्याला बी बघितला मी."

आबांनी विचारलं, मग मघाशी हात कसा आहे असं का विचारलंस.

"सवय लागलीया," नाथाजी म्हणाला. "वस्तीवर मला सगळी इचारायची, आकारामनं तुला का न्हाई रगडलं. मी सांगायचो, त्येचा हात दुखत व्हता. तालीम का सोडलीस इचारलं, तर म्हनायचो पोटापाण्यापायी. खरं सांगितलं असतं, तर कृष्णात त्या तालमीची पायरी चढला असता व्हय?"

आबांनी मनातल्या मनात मिटवलेला तो हिशेब असा होता. जी पोरं रगडून त्यांनी आपलं मन साफ केलं होतं, ती पोरं नाथाजीनं धाडली होती. स्वतःचा अपमान गिळून, आबांचंच खोटं चाळीस वर्षं स्वतःच्या तोंडानं सांगत. आबांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. पाठ कर म्हणायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून त्यांनी नुसतीच बाटली पुढं धरली.

नाथाजीनं ती घेतली, झाकण काढलं आणि स्वतःच्या तळहातावर तेल ओतलं.

"हात हिकडं करा."

आबा म्हणाले, अरे, त्याला काय झालंय, मी तुझ्या पाठीसाठी आलोय.

"पाठीचं मागनं बघू," नाथाजी म्हणाला. "चाळीस वरसं मी सांगत आलोय, ह्यो हात दुखतोय म्हनून. आदी ह्यो बरा हूं दे."

आबांनी उजवं मनगट पुढं केलं. नाथाजीनं ते मांडीवर घेतलं, चाचपलं, आणि दोन हाडांच्या मधे अंगठा नेमका ठेवून दाबला. आबा कळवळले. मनगट खरंच दुखत होतं.