काळी एकचा तंबोरा

बसवंत स्वामी सरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या लबाडीमुळे. औशाहून रोज एसटीनं लातूरला येऊन बी. ए. करायचं ठरलं होतं, आणि अर्जात संगीत हा विषय मी लिहिला तो त्यात मार्क सोपे पडतात असं ऐकून. संगीत विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. सर सतरंजीवर बसून तंबोऱ्याचा भोपळा पुसत होते. मी दारातूनच विचारलं, "सर, ह्यात मार्क सोपे पडतात म्हणं?"

"हाव, पडतात की," सर हसून म्हणाले. "ये, बस. आदी सा लाव."

तो सा तीन आठवडे चालला. मार्क कुठले आणि सोपे कुठले!

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असं समितीनं मला सांगितलं, कारण आज मी त्याच महाविद्यालयात संगीत विभागप्रमुख आहे. सरांच्या अध्यापनाबद्दल इतर शिष्य लिहितीलच. मीही दोन गोष्टी सांगते, पण मला खरं सांगायचं आहे ते वेगळंच. ते अकरा वर्षं राहून गेलं आहे.

सरांचा एक दंडक होता. आपला तंबोरा आपण लावायचा, आणि दुसरा गायला बसला की त्याच्यामागे तंबोरा घेऊन बसायचं. मोबाइलमधला तंबोरा त्यांच्या वर्गात चालत नसे. "त्याला तू बेसूर झालीस तरी काय वाटत न्हाई," ते म्हणत. मोठा, पुरुषी पट्टीचा तंबोरा सरांचा स्वतःचा होता. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात लागायचा. त्याची एक खुंटी फार खोडील, तिला खडू लावला नाही तर गाणं रंगात येताच सरकायची. तो खडू सांभाळायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं.

माझा आवाज आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या गाण्यांत तयार झालेला, खुला आणि तापट. वर्गातल्या एकीनं त्याला नाक मुरडलं, तेव्हा सर तिला एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या घरी पेटी आहे. हिच्या घरी आवाज आहे." पुढच्या रविवारी ते औशाला आमच्या घरी आले, आईला समोर बसवून तिची गाणी ऐकली आणि दोन लिहूनही घेतली. आई त्यांना आजही "गाण्याचे गुरुजी" म्हणते.

माझं बी. ए. झालं त्या वर्षी सरांसमोर पेच उभा राहिला. ते इतकी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. विभागात एक कायम जागा निघणार होती, पण तिला एम. ए. लागत होतं, तेही ठरावीक टक्क्यांनी. सरांचं शिक्षण गुरूकडे बसून झालेलं, पदवी जुनी, तीही दुसऱ्या विषयात. मग काय, सरांनी माझ्याबरोबरच नांदेडला एम. ए.ला नाव घातलं. पन्नाशीला टेकलेला माणूस आपल्याच विद्यार्थिनीच्या बाकावर येऊन बसला! पोरं त्यांना काका म्हणायची. लातूर-नांदेड एसटीत सर मला मारवा समजावत आणि मी त्यांना श्रुतींची कोष्टकं. "पुन्यांदा सांग गं, डोस्क्यात थांबत न्हाई," असं ते कसलाही संकोच न बाळगता म्हणत. शिकायला लाजायचं नसतं हे मी त्या एसटीत शिकले.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला सरांनी आपला तंबोरा वाकळेत गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन नांदेडला आणला. परीक्षेचा क्रम असा की माझ्यानंतर लगेच सर. आमचं ठरलं होतं: माझ्यामागे ते बसतील, त्यांच्यामागे मी. त्यांच्याआधी सगळ्या मुलीच होत्या, त्यामुळे मोठा तंबोरा कोपऱ्यात न लावता तसाच पडून होता. स्वतःच्या तयारीचा तो वेळ सरांनी मला साथ करण्यात घालवला.

माझा यमन चांगला झाला. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "वा! कुणाकडे शिकलात?" मी मागे हात केला. सरांनी मान खाली घातली होती, पण ते हसत होते.

मी बाहेर आले. आईला फोन लावला. मैत्रिणींनी घेरलं, चहाला ओढून नेलं. फोटो काढले, स्टेटस ठेवलं, कोण काय लिहितंय ते बघत बसले. अगदी खरं सांगायचं तर सरांची आठवण झाली होती. आणखी पाच मिनिटं, असं मी स्वतःला म्हटलं. परत आले तेव्हा सर तंबोऱ्यावर वाकळ गुंडाळत होते. घाईत त्यांनी स्वतःच सूर लावले होते आणि मागे एका अनोळखी मुलीला बसवलं होतं. ऐन बड्या ख्यालात खुंटी सरकली, असं आत बसलेल्या एकीनं मला सांगितलं. त्या मुलीला मोबाइलच्या तंबोऱ्याची सवय, तिला ते कळलंच नाही. खडू माझ्या पर्समध्ये होता.

"झालं की. चल, गाडी पकडू," सर म्हणाले. बस्स. परतीच्या चार तासांत त्या विषयावर एक अक्षर नाही.

सर पास झाले, पण हवे तेवढे टक्के पडले नाहीत. पुढची परीक्षा देण्याआधीच जागेची जाहिरात निघाली. मी अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी सर स्वतः मला दारापर्यंत सोडायला आले होते, आणि मी गेले. ती जागा मला मिळाली.

तेव्हापासून दर महिन्याला सर हजेरीपत्रक घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतात. "मॅडम, सही." पूर्वी ते मला पोरी म्हणत. मी उठून उभी राहते, पण सही करतेच. माफी मात्र एकदाही मागितली नाही. भीती वाटायची. कसली, ते आजही सांगता येत नाही.

इथपर्यंतचा लेख लिहून झाल्यावर छापायची परवानगी मागायला मी उदगीरला सरांच्या गावच्या घरी गेले. सगळा वाचून दाखवला. वाचताना रडले. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लिवलंस ते बरं केलंस. पण खुंटीला उगं दोष द्यायलीस. खुंटी मी सावरली होती. माझी समच चुकली."

"कशी काय, सर?"

"दाराकडं बघत होतो की. सकाळधरनं तू काय खाल्लं नव्हतंस. पोरगी आली न्हाई, कुठं चक्कर येऊन पडली का काय, ह्याच्यातच ध्यान सगळं."

मी कँटीनमध्ये हसत होते, आणि सर...

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आवाज असाच ठणठणीत राहो. सत्काराच्या दिवशी लातूरला तुमचं गाणं ठेवलं आहे. व्यासपीठावरची माझी खुर्ची मी समितीला परत केली आहे. तुमचा तंबोरा सकाळीच येऊन काळी एकला लावून ठेवीन आणि तुमच्यामागे बसेन. घरून जेवून येईन. तुम्ही दाराकडे बघू नका, सर. खडू पर्समध्ये आहे.