आतोबा पालघर दाखवतात

पालघर स्टेशनवर उतरलेला माणूस पालघर न बघता आल्या पावली परत जाऊ शकतो, ही गोष्ट माझ्या आतोबांना जन्मभर पटली नाही. आत्याचे यजमान म्हणून ते माझे आतोबा. एरवी ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जाणाऱ्या गवताच्या गासड्या वॅगनींत चढवून घेण्यात त्यांचा दिवस जाई. पण नोकरी हा जोडधंदा. खरा धंदा पाहुण्यांना गाव दाखवण्याचा. कुणी लग्नाची पत्रिका द्यायला येवो, कुणी आत्याच्या तापाची चौकशी करायला येवो, चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच आतोबा वहाणा घालून अंगणात उभे. “चला, ऊन चढायच्या आत निघू.” कुठे, हे पाहुण्याला वाटेत कळे. एकदा विम्याचा एजंट सही घ्यायला आला, त्याला त्यांनी शिरगावचा किल्ला दाखवला आणि तिथून वाळूतून चालवत सातपाटीला नेलं. पुढे तो माणूस आतोबा ड्यूटीवर असल्याची खात्री करूनच फाटक उघडायचा.

“महाबळेश्वराला डोंगर आहे, पण समुद्र कुठाय? पुरीला समुद्र आहे, तर डोंगर नाही,” ते म्हणत. दोन्ही ठिकाणं त्यांनी पाहिलेली नव्हती. पालघराला मात्र एका हाताला काळदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या हाताला सातपाटीचा समुद्र आणि मधोमध त्यांचं घर, अशी देवानेच सोय करून ठेवली होती. काळदुर्गाच्या वाटेवर वाघोबाच्या खिंडीत पाहुण्याला नारळ फोडायला लावायचा, माथ्यावर नेऊन समुद्राची रेघ दाखवायची आणि ती दिसेपर्यंत खाली उतरू द्यायचं नाही, हा त्यांचा रिवाज. ढगाळ हवा असली की पाहुणे न दिसताच “दिसली, दिसली” म्हणत.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीला आत्याकडे जायचो. गाव दाखवण्याचा हा नाद घरात थट्टेचा विषय होता, पण कुसुम लग्नाची झाली आणि थट्टा संपली. कुसुम आतोबांची एकुलती एक लेक. तिला बघायला पहिली मंडळी वाईहून आली. आतोबा त्यांना सातपाटीला घेऊन गेले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले. मुलाच्या आजीने पदर नाकाला लावला, तो काढलाच नाही. एक कोळीण हसून म्हणाली, “आजी, नाक धरून मासली बघतात काय? डोले उघडा, नाक आपोआप गप बसंल.” आजी गप्प बसल्या त्या बसल्याच. वाईहून नकार आला. दुसऱ्या मंडळींना केळव्याच्या किनाऱ्यावरून परतायला एवढा उशीर झाला, की मुलगी न बघताच त्यांना गाडी गाठावी लागली. त्या दिवशी कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, लोक मला बघायला येतात की पालघर?” आतोबांनी मान खाली घातली. पुन्हा असं करणार नाही, असं त्यांनी आत्याला देवासमोर कबूल केलं.

तिसरं स्थळ चांगलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललेलं. मुलगा त्या कामावर ओव्हरसियर, बोईसरला खोली घेऊन राहणारा. त्याचे वडील सोलापूरचे वकील, अंगाने भरदार, बोलणं मोजकं. ते आणि मुलाची आई सकाळच्या गाडीने आले. मुलगा कामावरून दुपारी यायचा होता. पोहे झाले. आतोबा शहाण्यासारखे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आणि वकिलांनी सहज, केवळ काहीतरी बोलायचं म्हणून, खिडकीबाहेर बघत विचारलं, “तो डोंगर कुठला हो?”

आत्याने कपाळाला हात लावला.

काळदुर्ग उतरताना घात झाला. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, डोंगरावरचं गवत वाळून गुळगुळीत झालेलं. मी मागे होतो. वकिलांचा पाय सटकला, ते बसल्या बसल्या दहा-पंधरा हात घसरत गेले आणि एका दगडाशी थांबले. घोटा पाहता पाहता सुजला. आतोबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते वकिलांचं डोकं मांडीवर घेऊन नुसते “माझी पोर, माझी पोर” म्हणत होते. खालच्या पाड्यावरचे दोघे वारली गवत कापत होते, ते धावत आले. त्यांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. “हलू नको, बाबा. आमी हाय ना,” त्यांतला एक म्हणाला. खिंडीपर्यंत झोळी आणि पुढे गवताची बैलगाडी, अशी मुलाच्या वडिलांची वरात दारात आली. कुसुमने हळद गरम करायला टाकली.

हाड चिरलंय, महिनाभर हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे बघायला आलेले व्याही, तेही अजून न ठरलेले, ओटीवर मुक्कामाला. आतोबांनी रजा काढली. वकिलांना उठवणं, बसवणं, आंघोळ, सगळं ते स्वतः करीत आणि चुकूनही कुठल्या किल्ल्याचं नाव घेत नसत. वडिलांची चौकशी करायला मुलगा रोज संध्याकाळी बोईसरहून येई. येऊन बसे ओटीवर, पण पाणी मागायला आत जाई आणि ते प्यायला त्याला बराच वेळ लागे. कुसुमही तिथे हसायला लागली होती. मुलाच्या आईने ते पाहिलं. कुसुमने त्यांना न विचारता सोलापुरी शेंगाचटणी केली, आणि त्यात मीठ जास्त झालंय हे त्या पहिल्यांदाच मोकळेपणी बोलल्या.

शेवटी आतोबांनीच धीर केला. वकिलांच्या पायाला लेप लावता लावता म्हणाले, “माझ्या मूर्खपणाची शिक्षा पोरीला देऊ नका, साहेब.”

“तीस वर्षं वकिली करतोय,” वकील म्हणाले. “ज्याने त्याने मला कामासाठीच नेलं. कुणी हाताला धरून समुद्र दाखवायला नेलं नाही. पडलो तो माझ्या वजनाने पडलो. मुहूर्त बघा.”

आतोबा लेपाची वाटी हातात घेऊन परसात गेले. बराच वेळ आले नाहीत.

लग्न पालघरलाच झालं. वऱ्हाडाला आत्याने मांडवाबाहेर पडू दिलं नाही. पुढे केंद्र उभं राहिलं, ओव्हरसियरचं काम संपलं आणि जावयाला राजस्थानात नोकरी लागली. कुसुम लांब गेली. एका उन्हाळ्यात आतोबा, वैतरणा नदी ओलांडली की ज्यांना घराची आठवण यायला लागे, ते रेल्वेचा पास काढून एकटेच दोन दिवसांचा प्रवास करून लेकीकडे जाऊन आले. मी मुद्दाम भेटायला गेलो. मला वाटलं, आता दोन तास तरी सुटका नाही.

“काय काय पाहिलंत, आतोबा?”

“कुसुमचं घर पाहिलं.”

“आणि?”

“तिथे किल्ला आहे म्हणे मोठा. तलाव आहे. जावईबापू रोज म्हणायचे, चला. मी म्हटलं, राहू द्या. कुसुम सकाळी पीठ मळायला बसायची, मी समोर पाट घेऊन बसायचो. दुपारी निजायची, तेव्हा दारात बसायचो. आठ दिवस कसे गेले, कळलं नाही रे.”

आत्या आतून चहा घेऊन आली. आतोबांनी बशीत ओतला आणि फुंकर घालत राहिले, तो निवला तरी.